खांद्यावरचा दाणा

आमच्या घरात कोणाच्या अंगावर पहिला दाणा उठला की शिरा व्हायचा. केळं घालून, साजूक तुपातला, सत्यनारायणाच्या प्रसादाला करतात तसा. तो करायची आत्या. ज्याला दाणा आला असेल त्याला ती पाटावर बसवायची, दाण्याला कुंकवाचं बोट लावायची, ओवाळायची आणि म्हणायची, "आता तू खरा आपल्या घरचा." मग सगळ्यांना वाट्या मिळायच्या.

दाणा म्हणजे काय ते सांगते. मसुराएवढी, तांबूस-तपकिरी, कातडीतच घट्ट रुतलेली गाठ. खांद्यावर, दंडावर, पाठीवर. विशी-पंचविशीत पहिला यायचा आणि मग त्याच्यामागून त्याचे भाऊबंद. एरवी त्रास नाही, पण गार पाणी पडलं किंवा कशाचा दाब आला की ठणकायचा. पणजोबांना होते, आजोबांना होते, आमच्या बाबांच्या पाठीवर तर मूठभर सांडल्यासारखे होते. पणजोबा संस्थानच्या मुलकी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते म्हणे. बडोद्यातल्या आमच्यासारख्या मराठी घरांना घराण्याच्या गोष्टी सांगायचा भारी सोस. आमच्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून आम्ही दाणे सांगायचो.

मला दाणा नव्हता.

हसू नका, मला त्याचं खरंच वाईट वाटायचं. थंडी पडली की मी दार लावून, एक आरसा पुढे आणि एक मागे धरून पाठ तपासायचे. माझ्याहून आठ वर्षांनी लहान असलेल्या भावाला कॉलेज संपता संपता खांद्यावर पहिला दाणा आला. तेव्हा त्याच्या शिऱ्यासाठी केळी कुस्करायचं काम माझ्याकडे आलं. मी ती केळी जरा जास्तच जोरात कुस्करली. आत्याच्या ते लक्षात आलं. "येईल गं तुलाही," ती म्हणाली. "बोलायला उशिरा लागलीस, चालायला उशिरा लागलीस. हेही उशिरा येईल."

आम्हा दोघांना आत्यानेच वाढवलं. भाऊ रांगत होता तेव्हा आई गेली, आणि मी कॉलेजात असताना बाबा किडनीच्या गाठीने गेले. आत्या माझ्या जन्माच्या आधीपासूनच माहेरी होती. मूल झालं नाही म्हणून सासरच्यांनी परत पाठवली, एवढं एकच वाक्य आम्हाला माहीत होतं, आणि त्याच्या पुढे काही विचारायचं नाही हेही माहीत होतं. तिचे दाणे डाव्या दंडावर. बाहीने दाबले जाऊ नयेत म्हणून तिच्या ब्लाउजची डावी बाही मी नेहमी जरा सैल बेतते. हो, मी ब्लाउज शिवते. बी.कॉम. करून एका ऑफिसात बसून पाहिलं, जीव रमला नाही, मग आत्याने शिकवलेली कला पोटाला लावली. लग्न केलं नाही. त्याचं कारण विचारू नका, कारण काही नाहीच.

भाऊ प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपात कामाला आहे. त्याला दोन वेडं, एक सेव-उसळ आणि दुसरं गरबा. नवरात्राच्या नऊ रात्री तो घरात फक्त आंघोळीपुरता असतो. त्याचं केडियुं दरवर्षी मी शिवते. वरचा भाग अंगाला घट्ट, खाली मोठा घेर, असा तो गरब्याचा अंगरखा. माप घ्यायची गरजच नसते, त्याचं अंग माझ्या हाताला पाठ आहे. त्या वर्षीही मी न विचारताच बेतलं, शिवलं आणि घालून बघ म्हटलं. छातीवरचे बंद काही केल्या जुळेनात.

मी टेप काढली. कंबर उतरली होती आणि छाती वाढली होती. "हे कसलं रे शरीर तुझं?" मी म्हटलं. "सगळी सेव-उसळ वरच्या मजल्यावरच अडकली का?" एरवी मी एक बोलले की तो दोन ऐकवतो. त्या दिवशी त्याने केडियुं डोक्यावरून ओढून काढलं, खुर्चीवर टाकलं आणि शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून निघून गेला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की उन्हाळाभर हा मुलगा घरातही बनियनवर बसलेला मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनवर असताना तो येऊन शेजारी बसला. बोलला तो मशीनकडे बघून, माझ्याकडे नाही. "ताई, ती चरबी नाहीये. दोन्हीकडे दुखतं." मग टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि खालीसुद्धा एक गाठ लागते हाताला. उजव्या बाजूला."

खालीचा अर्थ मला कळायला एक क्षण लागला. आमच्यासारख्या घरात भावाने बहिणीला हे सांगणं म्हणजे काय, ते सांगायला नकोच. आईला सांगितलं असतं की नाही कोण जाणे, पण आई नव्हती आणि आत्याला सांगायची त्याची छाती नव्हती. मी आधी त्याला यथेच्छ झापलं. इतके दिवस तोंडात काय गुळणी धरली होती, म्हणून विचारलं. मग त्याचा हात घट्ट धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे, तसाच. तो नेहमी हात सोडवून घ्यायचा, त्या दिवशी नाही घेतला.

पुढचं भराभर झालं. सोनोग्राफीत उजव्या वृषणात, म्हणजे अंडकोशातल्या गोळीत, लहानशी गाठ दिसली. या जागच्या नेहमीच्या कर्करोगात रक्तात जी प्रथिनं वाढतात, ती त्याच्या रक्तात वाढलेली नव्हती. पण हार्मोन्सचं गणित पार बिघडलं होतं. सर्जन म्हणाले, गाठ कसलीही असो, ती बाजू काढावीच लागेल, दुसरी ठणठणीत आहे, संसाराला एक पुरते. आत्याला आम्ही हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. तिने देवाजवळ दिवा लावला आणि मुगाची खिचडी डब्यात भरून दिली. ऑपरेशननंतर भूल उतरताना भावाने मला पहिला प्रश्न विचारला, "गरबा किती दिवस बंद?" मी दवाखान्याच्या बाल्कनीत जाऊन रडले आणि परत आत येऊन त्याला म्हटलं, "यंदा टाळ्या वाजव नुसत्या."

गाठ तपासायला गेली आणि रिपोर्ट लवकर येईना. मग निरोप आला की पॅथॉलॉजीच्या डॉक्टरबाईंनी आम्हाला बोलावलंय. या डॉक्टर एरवी पेशंटला भेटत नाहीत, काचेवरच्या पेशींनाच भेटतात. म्हणून बोलावणं आलं तेव्हाच मी ओळखलं, साधं काही नाही.

खोली लहान होती, टेबलावर सूक्ष्मदर्शक आणि बाजूला एक पडदा. "बेन, बेसो," खुर्चीकडे हात करत डॉक्टरबाई म्हणाल्या. पुढचं सगळं बोलणं गुजरातीत झालं. बडोद्यात घराबाहेर पाऊल पडलं की आमची जीभ आपोआप तिकडे वळते. इथे मी ते मराठीत लिहिते आहे.

त्या म्हणाल्या, या जागच्या बहुतेक गाठी बीज तयार करणाऱ्या पेशींपासून होतात. ही तशी नाही. ही पुरुषाची हार्मोन्स बनवणाऱ्या पेशींची आहे आणि अशा गाठी फार क्वचित दिसतात. हार्मोन्सच्या कारखान्यातच घोटाळा झाल्यामुळे याची छाती वाढली. भावाने माझ्याकडे पाहिलं. सेव-उसळीचा दोष नव्हता.

मग त्यांनी पडद्यावर दोन चित्रं दाखवली. पेशीत एखादं प्रथिन आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यावर विशिष्ट द्रव्य घालतात. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो, नसेल तिथे चढत नाही. मला लगेच साडीवरचा हळदीचा डाग आठवला. साबण लागला की तो लालभडक होतो, आणि जिथे हळद नाही तिथे कितीही साबण घासा, काही होत नाही. पहिल्या चित्रातली गाठ तपकिरी झाली होती. त्या प्रथिनाचं नाव इन्हिबिन, आणि ते दिसलं म्हणून गाठीची जात कळली. दुसरं चित्र वेगळ्या प्रथिनाचं होतं. त्यात आजूबाजूच्या निरोगी पेशी, रक्तवाहिन्यांच्या भिंती, सगळं छान तपकिरी, आणि मधोमध गाठ तेवढी कोरी, फिकट निळी.

"हे प्रथिन इथे असायला हवं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्याचं नाव लांबलचक आहे, फ्युमरेट हायड्रेटेज. पेशीच्या चुलीतली राख उपसणारं प्रथिन, असं त्यांनी मला समजावलं. राख उपसली नाही तर ती साचत जाते आणि पेशी बिघडतात. हे प्रथिन कसं बनवायचं याचा कागदी बेत, म्हणजे जनुक, आपल्याकडे दोन प्रतींत असतो. एक आईचा, एक वडिलांचा. एका प्रतीत जन्मतःच चूक आली तरी दुसरीवर काम भागतं. पण एखाद्या पेशीत ती दुसरीही बिघडली की तिथे गाठ होते. हे मला त्यांच्यापेक्षा लवकर समजलं असेल. बेताचा कागद एकदा चुकीचा कापला गेला की त्यावरून काढलेला प्रत्येक ब्लाउज तसाच चुकतो, मग कापड कितीही भारी असो.

"म्हणून मला घरातलं विचारायचंय," त्या म्हणाल्या. "कोणाच्या अंगावर लहान लहान गाठी आहेत का? थंडीत दुखणाऱ्या?"

माझा भाऊ चक्क खुश झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर रंग आला. त्याने शर्टाची दोन बटणं काढली, खांदा पुढे केला आणि नव्या माणसाला सांगायचा तसंच सांगितलं, "हे का? ही आमच्या घराण्याची खूण आहे. पणजोबांपासून चालत आलीये. हे उठले की आमच्याकडे गोड करतात."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डॉक्टरबाईंनी खांदा पाहिला, दाण्यावर हळूच बोट ठेवलं. त्या हसल्या असत्या, रागावल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांच्या डोळ्यांत आमच्याबद्दल माया दिसली आणि मी घाबरले.

"किडनीच्या गाठीने कोणी गेलंय?"

"बाबा," मी म्हटलं.

"आणि घरातल्या एखाद्या बाईची गर्भपिशवी लहान वयात काढावी लागली होती का? गाठी झाल्या म्हणून?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मूल झालं नाही, या एका वाक्याच्या पुढे जायची वेळ आली होती.

आत्या दुपारी खिडकीत बसून गवार मोडत होती. मी समोर बसले आणि तिच्यासोबत मोडायला लागले. आधी हर्नियाचं खोटं उलगडलं. ते ऐकून ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. हर्नियाला कोणी इतकं रडतं का?" मग मी पिशवीचं विचारलं. तिचे हात थांबले नाहीत. शेंग मोडायची, शीर ओढायची, ताटात टाकायची.

"लग्नाला थोडीच वर्षं झाली होती," ती म्हणाली. "अंगावरून इतकं जायचं की उभं राहवत नसे. डॉक्टर म्हणाले, पिशवीभर गाठी आहेत, काढल्याशिवाय जगत नाही ही. काढली. बरी झाले तशी ह्यांनी मला गाडीत बसवून इथे आणलं. स्टेशनवर पेटी खाली ठेवली आणि त्याच पावली परत गेले. तुझ्या बाबाने कधी एका शब्दाने विचारलं नाही. शहाणा होता माझा भाऊ." पुढची शेंग उचलून ती म्हणाली, "मी सोळा सोमवार मधेच सोडले होते गं, लग्नाआधी. त्याचंच झालं असं मला वाटत आलं."

"त्याचं नाही झालं, आत्या." माझा आवाज चढला. मला राग आला होता, पण तिचा नाही. "सोमवारांचा काही संबंध नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलं, तुझ्या दंडावर जे आहे, तेच पिशवीत होतं. एकच जात. स्नायूंच्या गाठी. खांद्यावर उठल्या की दाणे, आत झाल्या की हे. तू काही केलं नव्हतंस. तू जन्मलीस तेव्हाच ते तुझ्याबरोबर आलं होतं."

तिचे हात आता थांबले. मला वाटलं, केवढं ओझं उतरलं असेल हिचं. उतरलंही असेल. पण माझी आत्या अर्ध्यावर थांबणारी बाई नाही, ती विचार शेवटाला नेते. तिने पदराने हात पुसले आणि विचारलं, "आणि तुझ्या बाबाची किडनी?"

"तिचंही मूळ तेच."

"आणि ह्याची गाठ?"

मी मान हलवली. ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. रव्याचा डबा काढून ओट्यावर ठेवला, त्याच्याकडे बघत उभी राहिली. "मी ओवाळलं गं त्याला," ती म्हणाली. "माझ्या हातांनी कुंकू लावलं. तुझ्या बाबालाही लावलं होतं, मी परकरी पोर होते तेव्हा. मरणाला ओवाळलं मी." मी तिला जवळ घेतलं.

त्या दिवसापासून आत्याने शिरा केला नाही. नुसता दाण्याचाच नव्हे, देवाच्या नैवेद्यालाही तिने तो बंद केला. मला म्हणाली, मला मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाउज शिवून दे. बडोद्याच्या ऑक्टोबरच्या उन्हात लांब बाह्या कोण घालतं? पण मी शिवले. कापताना डोळ्यांसमोर कापड नीट दिसत नव्हतं.

भावाच्या रक्ताची जनुकांची तपासणी झाली आणि डॉक्टरबाईंचा अंदाज खरा ठरला. बदल त्याच जनुकात होता आणि जन्मापासूनचा होता. पुढे काय, तर वर्षाच्या वर्षाला किडन्यांचा एमआरआय. "गाठ लहान असताना सापडली तर काढता येते, मोठी झाल्यावर सापडली तर ती फार वाईट वागते," हे त्यांनी आम्हाला न लपवता सांगितलं. आत्याचाही एमआरआय केला. दोन्ही किडन्या तरुण पोरीसारख्या निघाल्या. भाऊ म्हणाला, "आत्या, तू तर जलसा कर." ती हसली नाही.

मग डॉक्टरबाईंनी घराण्याची माहिती मागितली. कोणाला दाणे होते, कोणाला नव्हते, बाहेरगावच्या चुलत-आते भावंडांत कोण कोण. त्या म्हणाल्या, लोकांना आजोबांच्या पलीकडचं काही सांगता येत नाही. आत्याला सगळं येत होतं. कोणाचा शिरा कोणत्या सणाच्या आगेमागे झाला, कोणाच्या शिऱ्यात केळं घातलं नाही म्हणून कोण रुसलं, कोणाला दोन दाणे एकदम आले, ती सांगत गेली आणि डॉक्टरबाई कागदावर चौकोन आणि गोल काढत गेल्या. पुरुष चौकोन, बायका गोल. दाणेवाल्यांचे काळे केले. मग मी फोन लावत सुटले. इंदूरचा चुलतभाऊ आधी माझ्यावरच भडकला, घराण्याची अब्रू काढतेस म्हणाला, पण त्याच्या बायकोने त्याला तपासायला नेलं. त्याच्या किडनीत बोराएवढी गाठ सापडली आणि वेळेत निघाली. त्याने फोनवर आत्याला साष्टांग नमस्कार सांगितला. आत्याने फोन माझ्याकडे दिला आणि आत निघून गेली.

राहता राहिले मी. मला दाणा नाही म्हणजे मी सुटले, असं घरात सगळ्यांनी धरून टाकलं होतं. मीही. डॉक्टरबाईंनी तो भ्रम राहू दिला नाही. काहींच्या अंगावर काहीच उठत नाही आणि रक्तात मात्र असतं, त्या म्हणाल्या. छापा की काटा, तेवढीच शक्यता. रक्त द्यायला जायच्या दिवशी आत्याने माझ्या तोंडावरून हात फिरवला. "तुला देवाने मुद्दाम वेगळी ठेवली होती," ती म्हणाली. "मीच मूर्ख, तुला लवकर येऊ दे म्हणून मागत होते. एवढं एक कोरं निघू दे, मग मला काही नको." रिपोर्ट येईपर्यंत ती रोज देवाशी बोलायची. मी पलीकडच्या खोलीत मशीन चालवायचे, म्हणजे तिला वाटावं की मला ऐकू येत नाही.

रिपोर्ट घ्यायला मी एकटी गेले. थंडी पडली होती. डॉक्टरबाईंनी पाकीट उघडण्याआधीच माझा हात हातात घेतला, तेव्हा कळलंच. तोच बदल, त्याच जागी, भावाचा आणि माझा अगदी एकसारखा.

खरं सांगते, पहिला क्षण आनंदाचा होता. दोन आरसे घेऊन पाठ शोधणारी ती मुलगी कुठेतरी आत होती, तिने टुणकन उडी मारली. पुढच्याच क्षणी बाबांचे शेवटचे दिवस आठवले. मला जगायचं आहे, हे मला त्या खुर्चीत जितकं कळलं तितकं आधी कधी कळलं नव्हतं. डॉक्टरबाई एमआरआयची तारीख सांगत होत्या, मी हो हो म्हणत होते. भावाचा फोन येत होता. मी उचलला नाही. याला सांगणं सोपं होतं. आत्याला कसं सांगायचं?

लालबागच्या पुलावरून स्कूटर मांजलपूरकडे घेतली. डोक्यात वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. सोसायटीच्या फाटकाजवळ केळ्यांची गाडी उभी असते. तिथे ब्रेक लावला तेव्हा मला कळलं की मी काय करणार आहे.

आत्या लांब बाह्यांच्या ब्लाउजात, शाल पांघरून दाराकडे तोंड करून बसली होती. तिने आधी माझ्या हातातल्या केळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"केळी कशाला?"

"रवा आहे ना घरात?" मी म्हटलं. "भाज."

ती लगेच समजली. तोंडावर पदर घेऊन ती इतकी लहान झाली की मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. मी तिच्या पायाशी बसले. "मी नाही करणार," ती म्हणाली. "तो शिरा आता या घरात नाही होणार."

"असं कसं? पणजोबांपासून सगळ्यांचे झाले. बाबांचा झाला, याचा झाला, आणि इंदूरचा तो दीडशहाणा, त्याचाही झाला. त्याला तर त्या शिऱ्याने वाचवलं, आत्या. कोणाचे झाले ते तुला आठवलं म्हणून तो वाचला. आणि नेमका माझाच बुडवायचा? इतकी वर्षं मी दुसऱ्यांची केळी कुस्करली."

"अगं पण तुला दाणा कुठाय?" ती रडत म्हणाली. "कुंकू लावू कुठे मी?"

"कुठेही लाव," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाल्या, अंगभर आहे."

ती रडता रडता हसली की हसता हसता रडली, मला सांगता येणार नाही. मग ती उठली. मागोमाग मीही गेले. तिने शाल काढून ठेवली, लांब बाह्या कोपराच्या वर सारल्या, आणि डाव्या दंडावरचे तिचे दाणे कित्येक दिवसांनी उजेडात आले. तूप तापलं, रवा पडला. केळी मीच कुस्करली, हलक्या हाताने. भाऊ कामावरून आला तो वासावरच समजला. दारातच उभा राहिला, डोळे पुसले आणि म्हणाला, "ताई, मोठी वाटी माझी हं."

आत्याने पाट मांडला आणि मला बसवलं. कुंकवात बोट बुडवलं आणि माझ्या डाव्या दंडावर लावलं, तिचा स्वतःचा पहिला दाणा आहे त्या जागी. ओवाळलं. ते नेहमीचं वाक्य तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. मग ती म्हणाली, "वर्षाच्या वर्षाला तपासायला जायचं. एक वर्ष चुकवलंस तर माझ्याशी गाठ आहे."

शिरा खाली लागला होता. मी दोनदा मागून घेतला.